एक महिना, गरजेपुरताच: दीर-भावजयीचा संवाद

घरातला बिनगरजेचा खर्च महिनाभर बंद ठेवायचा, या उपक्रमाचे नियम मोजकेच असतात. किराणा, दूध, भाजीपाला, औषधपाणी, शाळेची फी, वीजबिल, कामापुरते पेट्रोल आणि कर्जाचे हप्ते चालू राहतात. नवे कपडे, हॉटेलातले खाणे, थंड पेयांच्या बाटल्या, वेफर्सच्या पुड्या, मोबाइलवरून मागवायच्या वस्तू आणि पान-तंबाखू बंद होते. महिना संपला की काय वाचले आणि कशावाचून अडले, याचा हिशेब मांडायचा.

कल्पना नवी नाही. चातुर्मासात एखादा पदार्थ सोडायचा नेम मराठी घरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०४ साली घरखर्चाची एक वही प्रसिद्ध केली. ‘काकेइबो’ या नावाची ती पद्धत आजही चालते. महिन्याच्या आरंभी किती आले आणि किती मागे टाकायचे ते लिहायचे, खर्च वर्गवार टिपायचा आणि शेवटी वहीच्या आरशात स्वतःला पाहायचे, असे तिचे स्वरूप आहे.

आटपाडीसारख्या गावात मात्र या उपक्रमाला वेगळे प्रश्न चिकटतात. सांगली जिल्ह्याचा हा तालुका माणगंगेच्या खोऱ्यातला, म्हणजे माणदेशातला, पिढ्यान्पिढ्या अवर्षणाचा. टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी आता तालुक्यात येते, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. पण पाऊस आणि बाजारभाव यांचा भरवसा आजही कोणी देत नाही. नोकरदार घरे सोडली तर पहिल्या तारखेला पगार होणारी माणसे थोडी. डाळिंबाचे पैसे बहार निघाल्यावर येतात, दुधाचे बिल दहा दिवसांनी निघते, शेळ्या-मेंढ्या अडीनडीला शनिवारच्या बाजारात विकल्या जातात. अनेक घरांतले पुरुष सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी परराज्यात असतात आणि तिकडून पैसे पाठवतात.

अशाच एका एकत्र कुटुंबातले दोन पक्ष पुढे मांडले आहेत. थोरली भावजय घर चालवते आणि महिला बचत गटाचे रजिस्टर लिहिते. उपक्रम तिने सुचवला आहे. धाकटा दीर पेठेत किराणा दुकान चालवतो. त्याला तो पटलेला नाही. दोघेही प्रातिनिधिक आहेत, पण त्यांचे मुद्दे तालुक्यातल्या कुठल्याही घरात निघतील असे आहेत.

महिना हे माप कोणाचे?

दिराचा पहिला आक्षेप मुदतीलाच आहे. “वैनी, महिना हे पगारदाराचं माप आहे. आपला हिशेब बहाराचा. बाग पाण्यावर आणल्यापासून फळ हातात येईपर्यंत सहा महिने जातात. तोवर औषधं, खतं, मजुरी असा खर्चच खर्च. त्यात तेल्या रोग पडला तर सगळा बहार जातो. एक महिना चहा-बिस्किट बंद करून त्यात काय फरक पडणार?”

भावजयीचे उत्तर असे की उत्पन्न बहाराचे असले तरी पोट रोजचे आहे. “भावजी, पैसा एकदम येतो म्हणूनच तो कुठं गेला ते कळत नाही. बहाराचे पैसे आले की पहिले पंधरा दिवस कोणी काही विचारत नाही. नंतर तुमच्याच दुकानात आपल्याच घराच्या नावानं उधारी मांडली जाते. मला वर्षभर काटकसर करायची नाही. एक महिना सगळं लिहून बघायचं आहे.”

इथे उपक्रमाचा मूळ उपयोग स्पष्ट होतो. महिनाभरात वाचणारी रक्कम बहुधा लहानच असते. त्याहून मोलाची असते ती नोंद. एरवी सवयीने होणारा खर्च बंदीच्या महिन्यात प्रत्येक वेळी थांबून विचार करायला लावतो, आणि न झालेला खर्चसुद्धा वहीत दिसू लागतो. त्यासाठी महिन्याचे माप पुरेसे आहे. वर्षाचे गणित मात्र त्यातून काढता येत नाही, ही दिराची हरकत खरी आहे. बियाणे, फवारणी, शाळेचा जूनमधला खर्च, लग्नसराईतला आहेर यांतले बरेचसे एका महिन्याच्या वहीत येतच नाही. अशा खर्चांसाठी वहीच्या मागच्या पानावर वर्षाची वेगळी यादी करावी लागते.

बिनगरजेचे म्हणजे काय?

दुसरा वाद यादीचा. भावजयीने काढलेल्या पहिल्या यादीत टपरीवरचा चहा होता. दिराने तो खोडला. “टपरीवरचा चहा म्हणजे नुसता चहा नाही. डाळिंबाचा व्यापारी तिथंच भेटतो, भाव तिथंच कळतो, मजूर तिथंच ठरतो. मी रोज घरून चहा पिऊन गेलो आणि तिथं हात आखडता घेतला, तर चार माणसांत काय राहील?”

हा युक्तिवाद अर्थशास्त्रालाही परिचयाचा आहे. ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात गरजेच्या वस्तूंमध्ये दोन प्रकार धरले: ज्यांच्यावाचून जगता येत नाही त्या, आणि ज्यांच्यावाचून त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे गरिबातल्या गरीब माणसालाही चारचौघांत वावरायला लाज वाटेल त्या. त्याने उदाहरण दिले ते लिननच्या सदऱ्याचे. प्राचीन ग्रीक-रोमनांचे त्यावाचून काही अडले नव्हते, पण त्याच्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही तो अंगात नसेल तर बाहेर पडायला संकोच वाटे. गरजेची रेषा समाजाबरोबर सरकते, आणि अब्रू हाही गरजेचा भाग असतो.

भावजय हे तत्त्व मान्य करते, पण त्याला मर्यादा घालते. “लाज राखायला लागणारा खर्च मी तोडत नाही. शेजारणीच्या बारशाला रिकाम्या हातानं जा असं मी म्हणणार नाही. पण पोराच्या हातातली वेफर्सची पुडी, घरी आणलेली थंड पेयाची बाटली, तुमच्या खिशातली तंबाखू, यात कोणाची लाज राखली जाते?”

देशाची आकडेवारी तिच्या बाजूने बोलते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरमहा दरडोई सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यातला सुमारे ४७ टक्के खाण्यापिण्यावर. खाण्यापिण्याच्या या खर्चात सर्वांत मोठा गट धान्याचा किंवा दुधाचा नव्हता. तो पेये, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेरच्या खाण्याचा होता, एकूण खर्चाच्या जवळजवळ १० टक्के. आधीच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागात पान, तंबाखू आणि नशेच्या पदार्थांवरचा खर्च ३.७९ टक्के, तर शिक्षणावरचा ३.३० टक्के निघाला होता. ही देशाची सरासरी आहे, एकट्या आटपाडीची नव्हे. पण पेठेतल्या कुठल्याही दुकानाच्या दर्शनी भागात काय टांगलेले असते, ते पाहिले की तिचा अर्थ लागतो.

दुकानदार म्हणून दिरालाही हे नाकारता येत नाही. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा पुढे लटकवलेल्या असतात, कारण तिथे लहान मुलांची नजर आधी जाते. तूरडाळीची आणि ज्वारीची पोती मागे असतात. गिऱ्हाईक डाळीचा भाव दोनदा विचारते, पुडीचा भाव कोणी विचारत नाही. घासाघीस मोठ्या रकमेवर होते आणि गळती लहान रकमेतून.

पुडी आणि लग्न

तरीही दिराचा तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. “रोज वीस रुपये वाचवले तर महिन्याला सहाशे होतात. वर्षभर नेटानं केलं तर सात हजार तीनशे. आणि एका लग्नात मंडप, वाजंत्री, जेवणावळी, मानपान धरून किती जातात? बोअर मारून पाणी लागलं नाही तर किती जातात? घरं बुडतात ती बोअरनं, लग्नानं आणि दवाखान्यानं. बिस्किटाच्या पुड्यानं कोणाचं घर बुडाल्याचं मी बघितलं नाही.”

माणदेशातल्या जुन्या माणसांचा अनुभव याला दुजोरा देतो. १९७२ च्या दुष्काळात घरातले सगळेच खर्च आपोआप बंद झाले. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या माणसांनी सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा काटकसर अंगावर येऊन पडली होती आणि तिने कोणाचे कर्ज फिटले नाही. माणसांना तारले ते कामाने. सांगली जिल्ह्यातल्याच तासगाव तालुक्याशी नाते असलेल्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर राबवली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मिळकतच आटली की खर्च कापून भागत नाही, हा त्या वर्षांचा धडा आहे.

भावजय हा धडा खोडत नाही. ती त्याची दुसरी बाजू दाखवते. “मोठा खर्च आपण वर्षातनं एकदा ठरवतो आणि त्या वेळी घरात सगळी माणसं जमलेली असतात. तिथं माझं कोणी ऐकत नाही, कारण माझ्या हातात आकडा नसतो. महिनाभराची वही असली तर मी म्हणू शकते, आपल्या घराला महिन्याला एवढे लागतात, म्हणून मंडपाला एवढेच देता येतील. लहान खर्चाचा हिशेब ठेवल्याशिवाय मोठ्या खर्चात तोंड उघडायची सोय होत नाही.”

एकत्र कुटुंबात खर्चाचा निर्णय नुसता पैशाचा नसतो. कोणाच्या शब्दाला वजन आहे त्याचाही असतो. रोजचा खर्च बाईच्या हातून होतो आणि तिलाच त्याचा जाब द्यावा लागतो. मोठा खर्च पुरुषांच्या बैठकीत ठरतो, त्याचा जाब सहसा कोणी मागत नाही. लेखी आकडा ही दरी थोडी बुजवतो.

कात्री कोणाच्या खर्चाला?

यातूनच उपक्रमाचा सर्वांत नाजूक भाग समोर येतो. बिनगरजेच्या खर्चाची यादी करायला बसले की प्रत्येकाला दुसऱ्याचा खर्च आधी दिसतो. सासूबाईंना सुनेच्या मोबाइलचे रिचार्ज दिसते, सुनेला दिराची तंबाखू दिसते, दिराला पोरांचा खाऊ दिसतो. आणि शेवटी कात्री लागते ती सर्वांत कमी बोलणाऱ्याच्या वाट्याला. बहुतेक घरांत ती व्यक्ती घरची बाई असते. तिच्या बांगड्या, तिची माहेरची एसटी, तिच्या वाटणीचे दूध आणि पुढे ढकललेला तिचा दवाखाना कोणाच्याही डोळ्यांवर न येता कापला जातो आणि काटकसर झाली असे सर्वांना वाटते.

दिराने हे स्वतःच पुढे आणले. “वैनी, मला भीती वेगळीच आहे. बंदी सगळ्यांना म्हणून लागेल आणि पाळाल तुम्ही एकट्या. दादा परगावी, आईला कोण बोलणार, मी दुकानात दिवसभर काय करतो ते कोणी बघत नाही.”

भावजयीने त्यावर नियमच बदलला. “मग यादी अशी करू. ज्यानं त्यानं आपलाच खर्च लिहायचा आणि आपलाच खोडायचा. दुसऱ्याच्या खर्चाकडं बोट दाखवायचं नाही. आणि औषध, दूध, माहेर या तीन गोष्टी कोणाच्याच यादीत येणार नाहीत.”

“आणि पाळलं का नाही हे बघणार कोण?”

“ज्यानं लिहिलं त्यानंच. स्वतंत्रपूर आपल्याच तालुक्यात आहे ना?”

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या त्या संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तिला तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. शिक्षा भोगणारी माणसे तिथे शेती करीत आणि कुटुंबासह राहू शकत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला तिथल्याच प्रयोगाची प्रेरणा होती. पहाऱ्यापेक्षा माणसाच्या शब्दावर विसंबता येते, हा त्या वसाहतीमागचा विश्वास. घरातल्या खर्चाला तो अधिकच लागू पडतो, कारण घरात पहारा बसला की खर्च थांबत नाही, लपतो. लपवलेला खर्च वहीत येत नाही आणि वहीच खोटी ठरते.

एकाचा खर्च, दुसऱ्याची मिळकत

दिराचा पुढचा प्रश्न दुकानदाराचा आहे. “आपल्या घरानं महिना पाळला तर ठीक. उद्या तुमच्या गटातल्या सगळ्या बायकांनी पाळला तर? माझ्या गल्ल्यात येणारे पैसे त्यांच्याच खिशातून येतात. भेळवाला, कासार, शिंपी, रसवंतीवाला, सगळे याच गावात राहतात. त्यांची चूल कोणाच्या बिनगरजेच्या खर्चावर चालते याचा विचार केला का?”

जॉन मेनार्ड केन्सने १९३६ साली हाच मुद्दा साऱ्या देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी मांडला. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. मंदीच्या काळात सर्वांनी एकाच वेळी हात आखडला तर सर्वांचीच मिळकत घटते आणि शेवटी बचतही वाढत नाही. शनिवारच्या बाजारात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. डाळिंबाचे भाव पडले की त्या आठवड्यात बांगड्यांच्या आणि कापडाच्या पालांपुढे गर्दी राहत नाही.

भावजयीचे उत्तर दोन पदरी आहे. पहिले, पैसा कुठल्या खर्चातून गावात राहतो आणि कुठल्या खर्चातून बाहेर जातो, हे वेगवेगळे पाहावे लागते. “पुडीच्या रुपयातले किती पैसे तुमच्याकडं राहतात, भावजी? बाकीचे कंपनीला जातात. कासाराकडं बांगड्या भरल्या, शिंप्याकडं झंपर शिवलं, तर त्यातला बराच पैसा गावात फिरतो. म्हणून माझ्या यादीत आधी पुड्या आणि मोबाइलवरची खरेदी आहे, कासार नाही.” दुसरे, वाचलेला पैसा डब्यात पडून राहणार नाही. गटातून कर्जाऊ गेला तर तो कोणाची तरी शेळी, कोणाचे शिलाई मशीन, कोणाच्या ठिबकच्या नळ्या होऊन पुन्हा बाजारातच येतो.

दुकानदाराने यातले पहिले उत्तर मान्य केले. पुडीवर त्याला सुटणारा नफा थोडा असतो. सुट्या डाळी, गूळ, शेंगदाणे यांवर त्याची पकड जास्त. गिऱ्हाइकाने पुड्यांचे पैसे उधारी फेडण्यात घातले, तर त्याचाही अडकलेला पैसा मोकळा होतो. दुकानाचे खरे दुखणे कमी विक्री हे नसून न फिटणारी उधारी हे असते, हे त्याचे त्यालाच ठाऊक आहे.

वाचलेल्या पैशाला नाव हवे

शेवटचा प्रश्न वाचलेल्या रकमेचा. काटकसरीचा महिना बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात वाया जातो. दाबून ठेवलेल्या इच्छा पहिल्या बाजाराला एकदम उसळतात आणि वाचलेले सगळे तिथेच खर्च होते. ज्या पैशाला काही काम नेमून दिलेले नाही, तो टिकत नाही.

काम नेमून दिलेल्या बचतीचे चांगले उदाहरण शेजारच्या माण तालुक्यातल्या म्हसवडचे आहे. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँक काढण्याचा विचार ज्या प्रसंगातून आला, तो लहानसा आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी डोक्यावरच्या छपरासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी ती थोडे थोडे पैसे मागे टाकू पाहत होती, पण इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार झाली नाही. तिच्या बचतीला नाव होते आणि मुदत होती: पाऊस येण्याआधी कागद. जिची मिळकत रोजच्या हातोड्यावर, तीही अशी बचत करू शकते. तिला उणीव होती ती पैसे सुरक्षित ठेवायच्या जागेची.

बचत गटांची पंचसूत्रीही हेच शिकवते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या चोख नोंदी. भावजयीने म्हणूनच आधी रकमेचे काम ठरवले. दुकानातली घराची उधारी पहिल्यांदा फेडायची आणि उरेल ते सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनासाठी गटाच्या खात्यात ठेवायचे. हे ऐकल्यावर दिराचा विरोध मावळला असे नाही, पण त्याचे रूप बदलले. “मग एक करा, वैनी. महिना संपल्यावर पहिल्या शनिवारी पोरांना बाजारात भजी खाऊ घालायचे पैसे आत्ताच बाजूला काढा. नाहीतर पोरं या महिन्याला शिक्षा समजतील.” ही सूचना तिने वहीत लिहून घेतली.

दोघांनी ठरवलेले नियम

महिना निवडताना चैत्र-वैशाखातली लग्ने, आषाढातला बेंदूर, गौरी-गणपती, दसरा-दिवाळी आणि पौषातली खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा टाळून मार्गशीर्ष धरला. सणाच्या तोंडावर केलेली बंदी मोडते आणि मोडलेल्या बंदीने पुढची हिंमत जाते. प्रत्येकाने आपलाच खर्च कापायचा. औषध, दूध आणि माहेर यांना हात लावायचा नाही. अब्रूचा म्हणून होणारा खर्च बंद न करता लिहून ठेवायचा, म्हणजे त्यातला किती खरोखर अब्रूचा होता ते महिन्याअखेरीस ज्याचे त्यालाच कळते. पैसे मोबाइलवरून दिले तरी नोंद वहीत हाताने करायची. स्क्रीनवर बोट टेकवून दिलेला पैसा मनात उतरत नाही, लिहिलेला उतरतो. रविवारी रात्री वही सर्वांसमोर वाचायची आणि त्या वेळी कोणी कोणाला टोचून बोलायचे नाही.

दोन्ही पक्षांचे मिळून जे उरते ते असे. एक महिन्याच्या काटकसरीने बोअरचा, लग्नाचा किंवा फसलेल्या बहाराचा बोजा उतरत नाही. तो उतरवायला मिळकत, पाणी आणि रास्त व्याजाचे कर्ज लागते. ज्या घरात मुळात गरजेपुरतेही येत नाही, त्या घराला हा उपक्रम सांगू नये. पण ज्या घरात पैसा येतो आणि तरी महिनाअखेर उधारी होते, तिथे हा महिना घरातल्या प्रत्येकाला आपल्या हातून काय जाते ते दाखवतो. रोजचा खर्च सांभाळणाऱ्या बाईच्या हाती मोठ्या खर्चाच्या बैठकीत पुढे ठेवायला एक लेखी आकडा येतो, आणि पुढच्या बहाराचे पैसे आले की त्यांची वाटणी त्या आकड्यापासून सुरू करता येते.